मॉर्फिन : एका वेदनाशामकाचे उपयोग, धोके व त्याभोवतीचे शब्द

१. प्रास्ताविक

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने औषधाविषयी लिहावे हे काही वाचकांस विचित्र वाटण्याचा संभव आहे. मॉर्फिन केव्हा व किती द्यावे हे ठरविण्याचा अधिकार वैद्यकाचा आहे, आणि तो या लेखात कोठेही ओलांडलेला नाही. परंतु वैद्याने ठरविलेले औषध रोग्याच्या मुखापर्यंत पोहोचते ते शब्दांच्या वाटेने. औषधाचे नाव, त्याविषयीचा समज, चिठ्ठीवरील सूचना आणि रोग्याने केलेले आपल्या दुखण्याचे वर्णन या चारही गोष्टी भाषेच्या कक्षेत येतात. त्यांपैकी एकीत जरी घोटाळा झाला तरी परिणाम दोन प्रकारचा होतो : ज्यास औषध हवे त्यास ते मिळत नाही, किंवा ज्यास ते मिळते त्याच्या जिवावर बेतते.

प्रस्तुत लेखकाच्या आत्याबाईंचा कर्करोग हाडांत पसरला होता. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. नऊ दिवस त्या गोळ्या त्यांच्या उशीखाली तशाच पडून होत्या. विचारता त्या म्हणाल्या, “अरे, जन्मात कधी तपकीर ओढली नाही मी, आता जाता जाता अफूचे व्यसन लावून घेऊ होय?” वेदना असह्य होती, औषध हाताशी होते, आणि दोहोंच्या मध्ये एक शब्द उभा होता. त्या शब्दाचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. नामविचार

मॉर्फिन हे अफूतील प्रमुख अल्कलॉइड होय. खसखशीच्या कच्च्या बोंडास चिरा पाडल्या असता जो चीक पाझरतो, तो वाळला म्हणजे अफू होते. ग्रीक भाषेत चिकास ‘ओपॉस’ म्हणत. त्याचे लघुत्वदर्शक रूप ‘ओपिऑन’. तेच अरबीत ‘अफ्यून’ झाले आणि त्या मार्गाने आपला ‘अफू’ हा शब्द आला. मध्ययुगीन संस्कृत वैद्यकग्रंथांत आढळणारा ‘अहिफेन’, म्हणजे सापाचा फेस, हा शब्द दिसावयास अस्सल संस्कृत असला तरी तो या परक्या शब्दाला दिलेला संस्कृत पेहराव आहे. मात्र तो पेहराव बोलका आहे. औषधाच्या नावातच विष सुचविणारा हा शब्द समाजाच्या मनातील धास्ती नेमकी पकडतो.

जर्मन औषधविक्रेता फ्रीड्रिख झेर्ट्युर्नर याने १८०५ च्या सुमारास अफूतून हे द्रव्य वेगळे केले आणि स्वप्नांचा ग्रीक देव मॉर्फ्यूस याच्या नावावरून त्याचे नामकरण केले. मॉर्फ्यूस म्हणजे स्वप्नांत आकृती घडविणारा. ‘मॉर्फे’ म्हणजे आकार. भाषाशास्त्रातील ‘मॉर्फीम’ ही संज्ञा याच धातूची, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईलच.

नावाने दिशाभूल कशी होते याचे उदाहरण पुढील पिढीत सापडते. मॉर्फिनपासून १८७४ मध्ये लंडनमध्ये प्रथम तयार करण्यात आलेले एक द्रव्य जर्मनीतील बायर कंपनीने १८९८ मध्ये खोकल्यावरील औषध म्हणून बाजारात आणले. त्यास ‘हेरॉइन’ हे वीरवृत्ती सुचविणारे नाव दिले, आणि मॉर्फिनहून ते निर्धोक आहे असा बोलबाला झाला. ते निर्धोक नव्हते, हे जगास लवकरच कळून आले.

३. शरीरातील कार्य

मेंदूत व पृष्ठरज्जूत पेशींच्या पृष्ठभागावर विशिष्ट ग्राही असतात, हे १९७३ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. शरीर स्वतःच मॉर्फिनसदृश द्रव्ये निर्माण करते, हा शोध १९७५ मध्ये लागला. मॉर्फिन या ग्राहींना जाऊन चिकटते व वेदनेचा संदेश वर जाण्यास अटकाव करते. दुखण्याचे कारण त्यामुळे नाहीसे होत नाही. दुखण्याची जाणीव आणि तिच्याशी जडलेली व्याकुळता कमी होते.

दुर्दैवाने हेच ग्राही अन्यत्रही आहेत. आतड्यांत ते असल्यामुळे मलावरोध होतो. म्हणून मॉर्फिन सुरू करतानाच रेचक सुरू करण्याची पद्धत आहे. मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते, पण मलावरोध औषध चालू असेपर्यंत राहतो. श्वसनाचे नियंत्रण करणाऱ्या मस्तिष्कस्तंभाच्या भागातही हे ग्राही आहेत, आणि मॉर्फिनचा खरा धोका तेथे आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वास जलद व्हावा असा शरीराचा नियम आहे. मॉर्फिनची मात्रा प्रमाणाबाहेर गेली म्हणजे मस्तिष्कस्तंभ या वाढीस प्रतिसाद देईनासा होतो. श्वास मंद, उथळ व अनियमित होत जातो आणि शेवटी थांबतो.

पोटात घेतलेल्या मॉर्फिनचा बराच भाग यकृतातून जाताना रूपांतरित होतो. त्यामुळे तोंडाने द्यावयाची मात्रा इंजेक्शनाच्या मात्रेच्या सुमारे तिप्पट धरतात. उलट इंजेक्शनाच्या जागी गोळीचा आकडा वापरला गेला तर तो प्राणघातक ठरू शकतो. रूपांतरित द्रव्यांपैकी एक स्वतःच प्रभावी असून ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे दुबळी असल्यास ते शरीरात साचते आणि कालपर्यंत मानवलेली मात्रा आज अतिमात्रा होते. म्हणूनच वृद्ध व मूत्रपिंडाचे रोगी यांच्या बाबतीत मात्रा कमी ठेवतात, दोन मात्रांतील अंतर वाढवितात, किंवा दुसरे औषध निवडतात.

४. तीन कल्पना, एक शब्द

आत्याबाईंच्या ‘व्यसन’ या शब्दाकडे आता वळू. बोलभाषेत ‘सवय लागणे’ किंवा ‘व्यसन जडणे’ या एकाच कल्पनेखाली आपण तीन भिन्न गोष्टी कोंबतो. वैद्यकात त्या कटाक्षाने वेगळ्या मानतात.

पहिली गोष्ट अशी की, औषध काही काळ घेतल्यावर त्याच मात्रेचा परिणाम कमी होऊ लागतो. यास आयुर्वेदातील ‘सात्म्य’ हा शब्द वापरता येईल. नित्य सेवनाने अंगवळणी पडणाऱ्या द्रव्यासाठी ‘ओकसात्म्य’ ही संज्ञा तेथे आहेच. सात्म्य हा पेशींचा धर्म आहे. त्यात रोग्याच्या शीलाचा संबंध नाही.

दुसरी गोष्ट शारीरिक अवलंबन. काही आठवडे नियमित मॉर्फिन घेणाऱ्याने ते एकाएकी बंद केले तर जांभया, नाक गळणे, घाम, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, तळमळ अशी लक्षणे उद्भवतात. हेही बहुतेक प्रत्येकाच्या बाबतीत घडते. मात्रा वैद्याच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने उतरविली असता ही लक्षणे टळतात किंवा सौम्य राहतात.

तिसरी गोष्ट म्हणजे खरे व्यसन : अपाय होत आहे हे दिसत असूनही द्रव्याची अनावर ओढ लागणे, वेदनेसाठी नव्हे तर द्रव्यासाठी द्रव्य घेणे, आणि त्यापुढे घरदार, कामधंदा यांचे भान सुटणे. संस्कृतात ‘व्यसन’ या शब्दाचा अर्थ संकट असाही आहे, आणि या तिसऱ्या अवस्थेस तो यथार्थ लागू पडतो. पहिल्या दोन अवस्थांस तो लावणे ही अर्थाची गफलत आहे.

या गफलतीची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. सात्म्यालाच व्यसन समजणारा रोगी औषध नाकारतो, किंवा त्याचे नातलग मात्रा परस्पर निम्मी करतात. उलट, वैद्याने दिलेल्या औषधाचे व्यसन जडत नाही असे सरसकट सांगणाराही तितकीच मोठी चूक करतो. कर्करोगाव्यतिरिक्तच्या दीर्घकालीन वेदनेसाठी ओपिऑइडे घेणाऱ्यांविषयीच्या संशोधनाचे एक समालोचन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात व्यसनाचे सरासरी प्रमाण ८ ते १२ टक्के आढळले. हे प्रमाण सार्वत्रिक नव्हे, पण उपेक्षणीयही नव्हे. पूर्वी दारू वा अन्य द्रव्याचे व्यसन असलेल्यांत धोका अधिक असतो. म्हणून तो इतिहास वैद्यापासून लपवू नये.

सात्म्यासंबंधी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे जरूर आहे. औषधात खंड पडला की सात्म्य ओसरते. काही आठवड्यांच्या खंडानंतर पूर्वीचीच मोठी मात्रा एकदम घेतली तर ती प्राणावर बेतू शकते. ‘मी तर एवढी घेतच होतो’ हा भूतकाळ शरीराच्या हिशेबात धरला जात नाही.

५. झोप आणि गुंगी

रोग्याच्या उशाशी बसणाऱ्यांच्या भाषेत एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘आता कसे शांत झोपलेत.’ अनेकदा ते खरेच असते. कित्येक रात्री जागून काढलेल्या रोग्यास वेदना थांबताच गाढ झोप लागते. परंतु हेच वाक्य अतिमात्रेच्या पहिल्या पायरीवरही उच्चारले जाते. मॉर्फिनच्या परिणामात श्वास मंदावण्यापूर्वी बहुधा गुंगी वाढत जाते. ही गुंगी ओळखता आली तर जीव वाचविण्यास अवधी मिळतो.

झोपलेला मनुष्य हाक मारल्यास किंवा खांदा हलविल्यास जागा होतो, ओळख देतो, प्रश्नाचे उत्तर देतो. गुंगीतला मनुष्य डोळे किलकिले करतो आणि वाक्य पुरे होण्याआधी पुन्हा बुडतो, किंवा हाकेला ओ देत नाही. त्याचा श्वास संथ व तुटक असतो. मधूनच घोरण्यासारखा वा घरघर असा आवाज येतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. ओठ व नखे निळसर पडतात. अशा वेळी रोग्यास एकटे न सोडता ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवावी. नॅलोक्झोन हा मॉर्फिनवरील उतारा आहे. परंतु त्याचा अंमल मॉर्फिनच्या अंमलापेक्षा लवकर उतरू शकतो. म्हणून उताऱ्याने शुद्धीवर आलेल्या रोग्यासही काही तास वैद्यकीय देखरेखीखाली ठेवावे लागते.

झोपेच्या गोळ्या, चिंताशामक औषधे व मद्य यांच्या जोडीने मॉर्फिन घेतल्यास हा धोका पुष्कळ वाढतो. ही द्रव्ये श्वसन दडपण्याच्या कामी परस्परांस साहाय्य करतात. बेंझोडायझेपीन वर्गातील औषधे व ओपिऑइडे एकत्र घेण्याविरुद्ध सर्वांत कडक इशारा छापण्याचा आदेश अमेरिकेच्या औषधनियंत्रकांनी २०१६ मध्ये दिला.

बालके या बाबतीत विशेष नाजूक असतात. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका विसाव्या शतकाच्या आरंभी तान्ह्या मुलांना निजविण्यासाठी अफूची ‘बाळागोळी’ देत, ही गोष्ट तत्कालीन चौकश्यांत नमूद आहे. पाळीवर जाणाऱ्या आईची अगतिकता आपण समजू शकतो. पण त्या गोळीने येणारी ‘झोप’ ही झोप नव्हती. घरात मॉर्फिन असेल तर ते कुलपात ठेवावे, आणि उरलेले औषध इस्पितळाकडे परत करावे, असे आजही सांगतात त्याचे एक कारण घरातील मुले हेच आहे.

६. सूचनांची भाषा

चिठ्ठीवरील सूचना ही भाषिक कृती आहे, आणि तिच्या अर्थात किंचितही संदिग्धता परवडत नाही. ‘दर चार तासांनी’ आणि ‘दिवसातून चार वेळा’ या दोन सूचना कानास जवळच्या वाटतात. पहिलीत चोवीस तासांत सहा मात्रा होतात, दुसरीत चार. साध्या मॉर्फिनचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. सततच्या वेदनेत ते घड्याळानुसार द्यावे, वेदना उसळेपर्यंत थांबू नये, या पद्धतीचा आग्रह सिसिली साँडर्स यांनी धरला. त्यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापन केले. ‘दुखेल तेव्हा घ्या’ या सूचनेने सोशिक रोगी औषध पुढे ढकलीत राहतो आणि मग वेदना आवरणे कठीण होते.

दुसरा घोटाळा परिमाणांचा. पातळ मॉर्फिनच्या बाटलीवर मिलिग्रॅम व मिलिलिटर ही दोन मापे शेजारी छापलेली असतात. पहिले द्रव्याचे वजन, दुसरे द्रवाचे आकारमान. तीव्र द्रावणाच्या बाबतीत या दोहोंची अदलाबदल होऊन अतिमात्रा झाल्याची उदाहरणे घडली, आणि अमेरिकेच्या नियंत्रकांना त्याबद्दल इशारा द्यावा लागला. घरातला चमचा हे माप नव्हे. बाटलीबरोबर दिलेली मापनळीच वापरावी.

तिसरा घोटाळा ‘गोळी’ या शब्दाचा. साधी गोळी व दीर्घपरिणामी गोळी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरीत बारा तासांचे औषध हळूहळू सुटेल अशी योजना असते. गिळता येत नाही म्हणून ती कुटून पाण्यात कालविली, तर बारा तासांची मात्रा एकदम अंगावर येते. आपल्याकडे गोळी कुटून मधात चाटविण्याची रीत घरोघरी आहे. म्हणून ‘गोळी चावू नये, फोडू नये, कुटू नये’ हे तिन्ही क्रियापदांनिशी स्पष्ट लिहिलेले असावे.

७. एका पत्राची कथा

येथवर रोग्यांच्या व गृहस्थांच्या चुका पाहिल्या. आता विद्वानांची एक चूक पाहू. संशोधनार्थी विद्यार्थ्यांनी ती विशेष ध्यानात ठेवावी.

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात जानेवारी १९८० मध्ये जेन पोर्टर व हर्शेल जिक यांचे एक पत्र छापून आले. पत्र केवळ पाच वाक्यांचे. त्याचा आशय असा : इस्पितळात दाखल असताना ज्यांना एकदा तरी अफूजन्य वा तत्सम औषध दिले गेले अशा ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्यांत, व्यसनाची नीट नोंद झालेली उदाहरणे केवळ चार सापडली. विधान इस्पितळातील रुग्णांपुरते होते. घरी महिनोन् महिने औषध घेणाऱ्यांविषयी त्यात अवाक्षर नव्हते.

पुढे काय घडले ते २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका शोधाने दाखविले. या पत्राचा उल्लेख ६०८ ठिकाणी आढळला. त्यांपैकी ७२.२ टक्के लेखकांनी ओपिऑइडांनी व्यसन क्वचितच लागते याचा पुरावा म्हणून ते उद्धृत केले होते, आणि ८०.८ टक्के लेखकांनी ते रुग्ण इस्पितळातील होते ही मर्यादा सांगितलीच नव्हती. वाक्यातील एक विशेषण गळाले आणि विधानाचा अर्थ पालटला. ऑक्सिकोडोन या औषधाची दीर्घपरिणामी गोळी १९९६ मध्ये ‘ऑक्सिकाँटिन’ या नावाने अमेरिकेत आली, तेव्हा तिच्या प्रचाराला हेच वातावरण उपयोगी पडले. व्यसनाच्या धोक्याविषयी दिशाभूल केल्याच्या आरोपावरून या गोळीशी संबंधित परड्यू कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात अपराध कबूल केला. पुढच्या लाटा हेरॉइनच्या व बेकायदा बनविलेल्या फेंटॅनिलच्या आल्या. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत ८० हजारांहून अधिक माणसे ओपिऑइडांच्या अतिमात्रेने मृत्यू पावली. या अनर्थाची कारणे अनेक आहेत. केवळ एका पत्रावर तो लादणे अन्यायाचे होईल. पण मूळ न वाचता अवतरण देणे किती महागात पडते याचे याहून बोधप्रद उदाहरण आढळणे कठीण.

८. आपल्याकडील परिस्थिती

भारताचे दुःख याच्या उलट आहे. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांत सरकारी परवान्याने अफूची शेती होते. गाझीपूर व नीमच येथे सरकारी कारखाने आहेत. तरीही २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लॅन्सेट’च्या आयोगाच्या अहवालानुसार भारतात ओपिऑइड वेदनाशामकांची गरज सुमारे ४ टक्केच भागत होती.

‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ या कायद्यातील कडक शिक्षा व राज्याराज्यांतील निरनिराळे परवाने यांमुळे अनेक इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले होते. वर्तमानपत्री मराठीत ‘अमली पदार्थ’ या एकाच नावाखाली पकडलेले हेरॉइन आणि इस्पितळातले मॉर्फिन दोन्ही येतात. अरबीतून आलेल्या ‘अंमल’ शब्दाचा मूळ अर्थ काम, त्यावरून सत्ता, आणि पुढे नशेची सत्ता. या सत्तेच्या भीतीने औषधालाही आरोपी केले. संसदेने २०१४ मध्ये दुरुस्ती करून ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ असा स्वतंत्र वर्ग निर्माण केला, आणि २०१५ मध्ये मॉर्फिनसह सहा औषधे त्यात अंतर्भूत झाली. आता एका मान्यताप्राप्त संस्थेस अनेक परवान्यांऐवजी एकाच व्यवस्थेतून ती मिळविता येतात. कायद्याने वेगळा शब्द योजला. तो लोकांच्या तोंडी रुळावयाचा आहे.

काम करणाऱ्या संस्था मात्र त्यापूर्वीच उभ्या राहिल्या होत्या. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये शांती अवेदना ही संस्था सुरू झाली. कोझिकोडे येथे १९९३ मध्ये वेदनाशमनाचे जे कार्य सुरू झाले, त्याने केरळात घरोघर जाऊन रोग्यांची सेवा करण्याचा पाठ घालून दिला.

९. उपसंहार

मॉर्फिन घ्यावे की न घ्यावे याचे एकच उत्तर नाही. ते वेदनेच्या जातीवरही अवलंबून असते. मज्जातंतूंच्या विकारातील वेदनेस मॉर्फिन तुलनेने कमी जुमानते आणि तेथे प्रथम वेगळी औषधे योजतात. ही जात वैद्य ओळखतो ती पुष्कळ अंशी रोग्याच्या शब्दांवरून. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी इंग्रजीतील वेदनावाचक शब्दांची वर्गवारी करून १९७५ मध्ये वेदनेची प्रश्नावली सिद्ध केली, ती याच जाणिवेतून. मराठीत ठणकणे, ठसठसणे, सलणे, चमकणे, कळ येणे, आग होणे, चुरचुरणे, मुंग्या येणे, पेटका येणे अशी केवढी तरी समृद्धी आहे. ‘ठणकते’ म्हणणारा रोगी आणि ‘आग होते, मुंग्या येतात’ म्हणणारा रोगी वैद्यास दोन निरनिराळ्या गोष्टी सांगत असतात. ‘फार दुखते’ एवढेच कागदावर उतरले तर तो भेद पुसला जातो. कोकणात, वऱ्हाडात, खानदेशात यांसाठी कोणते शब्द आहेत आणि ते कोणत्या वेदनेस लागतात, यांचा पद्धतशीर संग्रह आपल्या विद्यार्थ्यांनी करण्याजोगा आहे. त्यासाठी इस्पितळात बसून रोग्यांचे बोलणे धीराने ऐकावे लागेल.

आत्याबाईंच्या डॉक्टरांनी दहाव्या दिवशी त्यांच्या खाटेजवळ खुर्ची ओढली आणि सांगितले, “आजी, व्यसन म्हणजे औषधासाठी माणूस, तुमच्याकडे माणसासाठी औषध आहे. मात्रा आम्ही पाहू, पोट साफ राहील असे पाहू, आणि तुम्हाला फार गुंगी येते असे वाटले तर घरच्यांनी आम्हाला लगेच कळवायचे.” त्या संध्याकाळी त्यांनी पहिली गोळी घेतली. पुढचे सात आठवडे त्या रोज सकाळी ओसरीवर बसून भाजी निवडीत असत. आजार हटला नाही; तो हटणारही नव्हता. परंतु त्या सात आठवड्यांत घरातल्यांशी त्यांचे बोलणे वेदनेखेरीज इतर विषयांवर होऊ शकले.